जाळी काचेच्या बाहेर

फेइ-यून त्या गल्लीत शिरली ती रस्ता चुकून. एका काचेच्या खोलीतून घामाघूम झालेला माणूस ऑर्किडच्या कुंड्या कवेत घेऊन धावत आला आणि थेट तिच्यावर आदळला.

"आग लागली का?"

"नाही. दुपार झाली."

त्याचं नाव क्वो-शांग. आईच्या मागे तिची सत्तर ऑर्किडं त्याच्या गळ्यात पडली होती आणि त्यांच्यासाठी हौसेने बांधलेल्या खोलीची उन्हाळ्यात भट्टी व्हायची. तैवानमधल्या तैनान शहराच्या उन्हाला नावं ठेवणं सोपं होतं. पण छपरं हा फेइ-यूनचा धंदा. तिने मान वर केली. सावलीची काळी जाळी काचेच्या आतून बांधलेली होती.

"ही आत कुणी लावली?"

"मी. बाहेर लावली की वादळात उडते."

"म्हणजे ऊन आधी घरात घुसणार, मग तुम्ही दार लावणार." तिने आपलं कार्ड पुढे केलं.

त्याने ते वाचलं. "मग तुम्हीच लावून द्या ना बाहेर, त्साई बाई..."

तिने लावली. काचेच्या हातभर वर, वादळाआधी गुंडाळता येईल अशी. माथ्यावर गरम हवा निघून जायला झडपा, खाली ताजी हवा यायला खिडक्या. दोन महिने ती दर शनिवारी आली. तो पेरू कापून ठेवायचा, शिडी धरायचा आणि शिडीपेक्षा तिच्याकडेच जास्त बघायचा. तिला ते आवडायचं. पण काम चोख झालं की येण्याचं कारणच संपणार होतं, आणि वाईट काम करणं तिला जमत नव्हतं.

शेवटच्या शनिवारी भर दुपारी दोघं आत उभी राहिली. पूर्वी पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा बाहेरच्याइतकाच होता, चौतीस.

"झालं," ती म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटलं.

"हो... झालं." तो उगाच कुंड्या फिरवत राहिला.

"निघते मग."

"थांबा... उद्यापासून भुतांचा महिना लागतोय."

"तुम्ही मानता?"

"आई मानायची. भुतं मोकळी फिरतात म्हणे, म्हणून महिनाभर नवं घर नाही, लग्नाची बोलणी नाहीत. आणि मला काही महिनाभर थांबणं जमणार नाही." तो घुटमळला. "म्हणून आजच विचारतो... माझ्याशी लग्न करशील?"

फेइ-यूनने घड्याळात पाहिलं.

"बोलणी आजच व्हायची तर माझ्या आईकडे जायला हवं. स्कूटरने चाळीस मिनिटं," ती म्हणाली. "दुसरं हेल्मेट आहे का तुझ्याकडे?"

"आहे," तो म्हणाला. "महिना झाला घेऊन."