हार्वर्डची मागची जागा

भोरच्या बाजारपेठेत माझं स्टो आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचं दुकान आहे. लढाईत चार वर्षं मी विमानदळात फिटर होतो. तिथून परत येताना इंजिनाचा आवाज ओळखणारा कान तेवढा घेऊन आलो. गावावरून विमान गेलं, की हातातलं काम टाकून मी बाहेर येतो आणि वहीत लिहितो. तारीख, वेळ, दिशा, विमानाची जात. कुठं विमान पडल्याची बातमी आली, तर तीही कापून चिकटवतो. माझी बायको अकिला म्हणते, "लोक कबुतरं पाळतात, आमच्याकडं ह्ये."

१९५४च्या डिसेंबरातली एक नोंद अशी आहे : मंगळवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. हार्वर्ड, एक. पश्चिमेकडे. इंजिन अडखळतंय.

हार्वर्ड म्हणजे लढाईच्या काळातलं जुनं शिकाऊ विमान. पुढं एक जण बसतो, मागं एक. त्या दिवशी त्याचा आवाज चार ठोक्यांनी एकदा तुटत होता. तो डोंगराआड जाईपर्यंत मी पायरीवर उभा होतो. त्यानंतरही उभा होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. आत आलो तेव्हा कथलाचा डाग द्यायला तापवलेलं लोखंड थंडगार पडलं होतं.

गुरुवारी पेपरात बातमी आली. वेल्ह्याच्या वरच्या डोंगरात विमान कोसळलं. आत वैमानिक एकटाच होता. पाय मोडला, पण गावकऱ्यांनी जळत्या विमानातून ओढून काढल्यामुळं वाचला. त्या गावकऱ्यांना बघावंसं वाटलं.

रविवारी एसटीनं मार्गासनी गाठली. पुढं वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, मग चढण. दुपारी धनगरांच्या वस्तीवर पोचलो. पलीकडच्या कातळी सड्यावर गवत जळून काळं झालं होतं. हवेला अजून तेलाचा वास होता.

एक म्हातारी शेळ्यांना पाला टाकत होती. मला बघून उठली.

"आलात व्हय, भाऊ? हात कसं हायेत आता?"

तिची गफलत झाली असावी. "मावशी, मी भोरचा याकूब. इकडं पहिल्यांदाच येतोय."

"याकूबच की! तुमीच तर नाव सांगितलंत."

तिचं नाव चंद्राबाई. तिचा नवरा बिरू खोपटातून बाहेर आला. त्यानं माझी मनगटं धरली आणि तळवे उताणे केले.

"म्याच लोनी लावून फडकी बांधली हुती," तो म्हणाला. "कातडं लोंबत हुतं."

माझ्या तळव्यांवर कथलाचे जुने डाग होते. बाकी काही नाही. त्यानं हात सावकाश सोडले.

चंद्राबाई मात्र सांगत राहिली. विमान नाकावर पडलं. आग लागली. हे दोघं शेळ्या सोडून धावले, तेवढ्यात खालच्या अंगानं मी पळत आलो. काच फोडली, सायबाला उपसून काढलं आणि जांभळीखाली आणून निजवलं.

"मंग परत आत शिरलात. आमी आरडलो, नका जाऊ. तरी गेलात."

"परत? कशाला?"

"मागल्या पोराला काढाया."

विमानात एकच माणूस होता, मी म्हणालो. पेपरात तसंच होतं.

"पेपरात काय बी असंल," बिरू म्हणाला. "आमी दोघं बघितली. दुसरा सावळा, खाकी कापडातला. त्याला काय बी झालं नव्हतं. तुमच्या खांद्यावर हात टाकून खाली उतरला. दोघं बी हसत हुता."

मी खाली बसलो.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आसामात, चव्वेचाळीस साली, धावपट्टीवर उभ्या डाकोटा विमानाला आग लागली. आत माझ्याबरोबरचा फिटर होता, सारोळ्याचा सावळाराम. मी चाळीस पावलांवर होतो. त्यानं तीनदा माझं नाव घेतलं.

मी जागचा हललो नाही.

"रडताय कशापाई, भाऊ?" चंद्राबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वाचलं की दोघं बी."

दहा वर्षांत मला कुणी इतकं मोठं काही दिलं नव्हतं. तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि उतरायला लागलो. वाटेत मी अल्लाचे आभार मानत होतो. नक्की कशाबद्दल, ते मात्र मनातही उच्चारायचं धाडस झालं नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. अकिला दारातच होती.

"अवो, तुमचे लढाईतले दोस्त येऊन गेले. सारोळ्याचे, सावळाराम."

ते नाव मी घरात कधी घेतलं नव्हतं.

"काय म्हणाला?"

"बसले न्हाईत. म्हणाले, याकूबला सांगा, आता घरी चाललोय. लई उपकार केले त्यानं." तिनं आत माठाकडं बोट केलं. "बिचारे फार तहानलेले होते. सकाळी भरलेला सगळा माठ संपवला."

मी आत गेलो. माठात हात घातला.

थेंबही नव्हता. तळाची माती कोरडी होती, आणि नुकतीच भट्टीतून काढल्यासारखी गरम.