विचार करून सांगते

कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर ती वाकून सायकलच्या चाकात हवा भरत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "जरा हात लावता का?"

वळून बघते तर एक हिरवी, ठेंगणी गाडी. इतकी ठेंगणी की सायकलसुद्धा तिच्या शेजारी उंचीचा तोरा मिरवत होती. वाटोळे दिवे, तारांची चाकं, कापडी छप्पर, आत फक्त दोन सीटा. दाराला टेकून उभा असलेला मुलगा घामाघूम झाला होता, आणि काचेवर पुठ्ठा होता : 'विकणे आहे'.

ती हवा भरायचीच विसरली. गाडी बघून की मुलगा बघून, ते तिला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही नीट कधी कळलं नाही.

"ढकलायला हात लावू की विकत घ्यायला?"

"आधी ढकला," तो म्हणाला. "जमलं तर पुढचं बोलू."

तिनं ढकलली. गाडीनं दोन आचके दिले, ठसकली, आणि सुरू होऊन थेट वळणापलीकडे गेली. ती हात झटकत बघत राहिली. गेला की हा, साधं थँक्यूसुद्धा नाही... पण गाडी गोल वळून परत तिच्यापाशी आली.

"थँक्यू म्हणायला आलोय. बंद केली तर परत ढकलावी लागेल, म्हणून बसूनच म्हणतो."

"ब्रिटिश आहे ना ही?"

"हो. म्हणून तर माझी पंचाईत. वेळेवर चालते, पण तिच्या वेळेवर."

तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा, म्हणून गल्लीत सगळे त्याला मास्तर म्हणत. गाडी त्याच्या बाबांची होती. बाबांचा गुडघा आता इतक्या खाली वाकायला तयार नव्हता, म्हणून ती विकायची होती, आणि नवीन गाड्यांच्या मानाने अगदी स्वस्तात. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात लोकांना लहान-मोठी अक्षरं वाचायला लावायची. पहिल्या पगारापासून तिनं जे काही बाजूला टाकलं होतं ते अशाच एका गाडीसाठी. घरात सगळे त्यावर हसायचे. मामा सोडून. मामाला जुन्या वस्तूंचं हसू येत नसे, तो धंदाच त्यांचा करायचा.

"मी येतो बघायला," मामा म्हणाला. "आणि तुरतुरे, एक गोष्ट ऐक. तिथे जाऊन 'अय्या, किती गोड' केलंस तर मी रस्त्यातून परत फिरेन."

घाईघाईनं चालते म्हणून सगळे तिला तुरतुरी म्हणायचे.

मामाचा नियम सरळ होता. वस्तू जितकी आवडली तितकं तोंड कडू करायचं. नावं ठेवायची, मान हलवायची, आणि निघताना एकच वाक्य म्हणायचं : विचार करून सांगतो. मामाच्या घरात हे वाक्य म्हणजे सौदा ठरल्याची खूण होती. कपाट आवडलं, विचार करून सांगतो. झुंबर आवडलं, विचार करून सांगतो. मामीला बघायला गेला तेव्हा तिच्या वडिलांनाही हेच म्हणाला होता. मामी अजून ते ऐकवते, पण ऐकवताना हसते. तुरतुरी लहानपणापासून सुट्टीत मामाच्या दुकानात बसायची. त्यामुळे हे वाक्य तिच्या कानाला फार गोड लागायचं. एखादी वस्तू आता आपली होणार, असं.

मास्तरच्या दारात उभ्या गाडीपाशी वाकून मामानं रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांखालच्या पट्टीवरून फिरवलं. चिकटलं तर खरा पत्रा, सटकलं तर आत लांबीचा लगदा भरून वरून रंग फासलेला. डावीकडे चिकटलं. उजवीकडे एका जागी सटकलं.

"इथे लांबी भरलीये," मामा म्हणाला.

"भरलीये," मास्तर म्हणाला. "मीच भरली. लपवायची असती तर जास्त चांगली भरली असती."

मामाला हे आवडलं, म्हणून त्यानं तोंड आणखी कडू केलं. "तेल गळतंय खाली."

"गळत नाही काका, जिथे उभी राहते तिथे सही करते."

ती हसू दाबायला ओठ चावत उभी होती. वर खिडकीतून मास्तरचे बाबा ओरडले, "तिला फिरवून आण रे. बसल्याशिवाय काय कळणार?"

जागा दोनच. मामा खालीच राहिला.

थोडं पुढे गेल्यावर पाऊस भुरभुरायला लागला. कापडी छपराला एक छोटं भोक होतं आणि ते नेमकं तिच्या गुडघ्यावर होतं. टप्... टप्...

"तुमच्या बाजूला गळतं, सांगायचं राहिलं."

"सगळ्यांना त्याच बाजूला बसवता का?"

"कुणी बसतच नाही. स्कूलमधल्या बायका म्हणतात, मास्तर, यात बसायचं म्हणजे रस्त्यावर मांडी घालून बसल्यासारखं वाटतं."

"मला नाही वाटत तसं."

"मग कसं वाटतं?"

तिला म्हणायचं होतं—छान वाटतं. इंजिनाची धडधड पाठीतून वर येते ते, ओल्या कापडाचा वास, गिअर बदलताना तुझा हात माझ्या हाताजवळून जातो आणि लागत नाही ते... पण मामाची शिकवण. "ठीक आहे," ती म्हणाली. "सीट जरा टोचते."

त्यानं समोर बघत मान हलवली.

त्यानंतर ती काही ना काही निमित्त काढून तीनदा तिथे गेली. एकदा कागदपत्रं बघायला, एकदा टायर बघायला, आणि एकदा कशाला ते तिलाही सांगता आलं नसतं. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं तेही आठवत नाही. त्या शेवटच्या खेपेला बॉनेट उघडं होतं आणि त्याच्या हातात रबरी नळीचा तुकडा होता.

"हिला दोन कार्ब्युरेटर आहेत. दोघांनी सारखा श्वास घेतला पाहिजे, नाहीतर ही रुसते. ऐकतेस?"

नळीचं एक टोक तिनं कानाला लावलं. दुसरं त्यानं आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं, मग दुसऱ्याच्या.

"हा जास्त फुसफुसतोय."

त्यानं स्क्रू जरासा फिरवला. "आता?"

"अजून थोडं... आता सारखे."

इंजिन गुरगुरत होतं, एका लयीत. दोघंही वाकलेलेच राहिले. त्याच्या नाकावर काळा डाग होता आणि तिला तो पुसावासा वाटत होता.

"मला परदेशात काम आलंय," तो एकदम म्हणाला. "एका खाणीत, मोठे ट्रक चालवणाऱ्यांना शिकवायचं. काही वर्षांचा करार आहे. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय." तो नळीशी चाळा करत होता. "जायलाच पाहिजे असं नाही. म्हणजे... कुणी जाऊ नको म्हणालं, तर नाही जाणार मी."

"कुणी म्हणजे?"

"इथे तुझ्याशिवाय कोण उभंय?"

इतकं काहीतरी तिला आयुष्यात कधी हवं वाटलं नव्हतं. आणि जे सगळ्यात हवं त्याच्यापुढे काय म्हणायचं, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. तिनं चेहरा सरळ केला आणि म्हणाली, "विचार करून सांगते."

तो हसला. थोडा उशिरा हसला, पण हसला. "बरं," म्हणाला.

ती नाचतच मामाच्या घरी गेली. मामीनं विचारलं, काय गं, एवढी खुशीत? ती म्हणाली, काही नाही, एका गोष्टीचा विचार करून सांगणार आहे. मामीला लगेच कळलं. मामी म्हणाली, मग दोन-चार दिवस फोन करू नकोस, जरा वाट बघू दे. दोघी हसल्या.

सोमवार आला आणि गेला. तिला वाटलं, त्याला उत्तर कळलंच असेल. तिनं गुरुवारी फोन केला तो लागला नाही, शुक्रवारीही नाही. शनिवारी ठरलेले पैसे आणि मामाला घेऊन ती गाडी घ्यायला गेली तेव्हा किल्ल्या बाबांनी दिल्या.

"मास्तर कुठेत?" तिनं विचारलं.

"गेला की गुरुवारी. कागद तयारच होते, पण घाईच केली त्यानं. मी म्हटलं, त्या मुलीला विचारलंस का? म्हणे, विचारलं. मग काय म्हणाली? म्हणे, विचार करून सांगते म्हणाली." बाबांनी गुडघा चोळला. "या गाडीला दहा-बारा गिऱ्हाइकं येऊन गेली, पोरी. सगळी विचार करून सांगतो म्हणून गेली. एक परत आलं नाही. आमच्या घरात त्याचा अर्थ 'नाही' असाच."

मामानं खिशातला रुमाल काढला आणि उगाच काच पुसत बसला.

तिला बाबांनी नवा नंबर दिला. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाडीत बसूनच फोन लावला. बऱ्याच वेळानं त्यानं उचलला. मागे यंत्रांचा गोंगाट होता.

"गाडी कशी आहे?" त्यानं विचारलं.

"सुंदर आहे," ती म्हणाली. आणि मग तिला थांबता आलं नाही. रंग सुंदर आहे, आवाज सुंदर आहे, सीट मुळीच टोचत नाही, गुडघ्यावर पाणी गळत होतं तेव्हा रस्ता संपूच नये असं वाटत होतं. सगळं तिनं सांगितलं, आणि आमच्याकडे विचार करून सांगते म्हणजे काय असतं तेही.

पलीकडचा गोंगाट जरा लांब गेला, तो बाजूला सरकला असावा.

"हे तेव्हा बोलली असतीस तर..."

"तर काय, किंमत वाढवली असतीस?"

"गेलो नसतो."

कुणीतरी त्याला हाक मारली. तो 'येतो' म्हणाला, तिला नाही, त्यांना.

"तू मला आवडतोस," ती घाईघाईनं म्हणाली. "विचार न करता सांगते."

"मला पण," तो म्हणाला. "पण सही केलीये मी. फार वर्षं आहेत गं. तू वाट बघू नकोस."

"नाही बघणार," ती म्हणाली.

फोन ठेवला. मनातलं सरळ बोलायचं असं तिनं त्या सकाळी ठरवलं होतं. एक वाक्य तसं बोलली, आणि लगेच दुसरं खोटं बोलून बसली.