ख्लोंग तोईची बुधवारफेरी

फॉन्थिपने आधी टेबलावर डबा ठेवला, मग स्वतःला खुर्चीत टाकलं.

"आईला कुणीतरी नादी लावलंय," ती म्हणाली. "बहुतेक ज्योतिषी."

खासगी तपासनीस ओरथायने पंखा कमी केला. तिचा मदतनीस कासेम पूर्वी पोलिसात होता, आणि अजूनही सगळीकडे पोलिसासारखाच उशिरा पोचायचा.

"दर बुधवारी झाकणाची बादली घेऊन निघते. जाताना भुयारी रेल्वेने ख्लोंग तोईच्या बाजारात. दुपारी येते ती बसने. बादली रिकामी, बाह्या ओल्या. विचारलं तर म्हणते, बाजार बघून आले."

"मग भीती कसली?"

"माझा भाऊ थाविन दोन पावसाळ्यांपूर्वी मासेमारीच्या बोटीवरून बुडाला. आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. डॉक्टर म्हणाले, धक्का बसला तर संपलं. मी आणि माझा नवरा मानोप, दोघांनीच दक्षिणेत जाऊन सगळं उरकलं. आईला सांगितलं, तो लांबच्या जहाजावर आहे. त्याच्या फोनवरून मीच मेसेज पाठवते. ज्योतिष्याने तिला खरं सांगितलं तर?"

"ती उत्तर काय देते?"

"पूर्वी रोज विचारायची, कधी येतोस? आता सवय झालीय. एवढंच लिहिते, वेळेवर जेव."

"चला, तेवढं तरी बरं," कासेम म्हणाला. त्याचा डोळा डब्यावर होता.

"खा ना. आंबट आमटी आहे."

पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हे माणसं खातात?"

"एकटा थाविन खायचा. मी बुधवारी पहाटे भिक्खूंना वाढायला करते. उरते ती कुणाच्या तरी गळ्यात मारते."

"वाढताना आई असते?"

"शेजारीच उभी असते."

"थाविन कुठल्या वारी जन्मला?" ओरथायने विचारलं.

"बुधवारी. का?"

ओरथायने तो वार वहीत टिपला.

मानोप गॅरेजमध्ये गाडीखाली आडवा सापडला. "थाविनचं मी सांगेन?" तो तिथूनच ओरडला. "बायकोने जीभच कापली असती माझी! सासूबाई माझ्याशी फक्त भाताबद्दल बोलतात."

बुधवारी कासेमने म्हातारीचा पाठलाग केला आणि बाजारात तिला हरवून बसला.

"स्टेशनच्या दाराशी दुपारपर्यंत उभा होतो, पी," तो ओरथायला म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो तिला 'पी' म्हणायचा. "ती परत आलीच नाही."

"येणार कशी? भरलेली बादली घेऊन तिला रेल्वेत कोण घेईल?"

"कशाने भरलेली?"

ओरथाय त्याला घेऊन मासळीच्या गाळ्यांकडे गेली. चे हुआई नावाची कोळीण टबातल्या मरळीच्या डोक्यात लाकडी दंडुका घालत होती.

"बादलीवाली आजी? चांगलीच ओळखते! दंडुका उचलला की हात धरते माझा. म्हणते, मारू नकोस, जिवंत दे. मी म्हटलं, आजी, धंदा करू देणार की नाही? हसते नुसती. मग नदीकडची बस पकडते."

पुढच्या बुधवारी ओरथायने फॉन्थिपला नदीकाठच्या देवळात बोलावलं. कासेमसकट तिघं खांबाआड उभी राहिली. खाली घाटाच्या पायरीवर म्हातारीने बादली तिरपी केली. मरळ क्षणभर तिच्या हातांपाशी घुटमळली आणि गढूळ पाण्यात नाहीशी झाली.

"म्हणून रेल्वे नाही," ओरथाय हळू आवाजात म्हणाली. "तिथे जिवंत प्राणी नेऊ देत नाहीत. बाह्या ओल्या, बादली रिकामी. ज्योतिषी कुणी नाहीच."

"पुण्य लागावं म्हणून मासे तर जिवंत माणसाच्या आयुष्यासाठीही सोडतात," फॉन्थिप घाईघाईने म्हणाली. "थाविनला आयुष्य लाभावं म्हणून सोडत असेल."

म्हातारी झाडाखाली बसली. तिने पितळी भांड्यातून बारीक धारेने बुंध्याशी पाणी ओतलं. तिचे ओठ हलत होते.

"पाणी कुणासाठी ओततात?" ओरथायने विचारलं.

"मेलेल्यांसाठी," फॉन्थिप म्हणाली. "कुणी सांगितलं तिला? मानोपने?"

"नाही. तुम्ही."

"मी एक शब्दही..."

"शब्द लागलाच नाही. मेलेल्याच्या आवडीचं रांधून भिक्खूंच्या पात्रात वाढायचं, हे तुम्हाला आईनेच शिकवलं असणार. घरात कुणी न खाणारी आमटी, तीही त्याच्या जन्मवारी, आणि आई शेजारी उभी. तिला सगळं कळलं. ते तिने सोसलं, आणि ती अजून तुमच्यासमोर उभी आहे."

कासेमने मान खाली घातली. त्या आमटीला तो हसला होता.

"मग ती बोलली का नाही?"

"कधी येतोस, हे विचारणं तिने का थांबवलं असेल? सवय झाली म्हणून नव्हे. दरवेळी तुम्हाला नवं खोटं रचावं लागू नये म्हणून. तुम्ही तिचं हृदय जपत होतात. ती तुमचं."

फॉन्थिप पायऱ्या उतरली. चाहूल लागून म्हातारीने वर पाहिलं. दचकली नाही. इथे कुणीही कुणाला विचारतं तेच तिने विचारलं, "जेवलीस का?"

फॉन्थिपच्या ओठांवर नेहमीचं "हो" आलं. ते तिथेच राहिलं.

"नाही, आई," ती म्हणाली, आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

म्हातारीने आपला ओला हात तिच्या पाठीवर ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता.

"मीही नाही," ती म्हणाली.