रविवारचा विस्तव

गच्चीचा दरवाजा धाडकन उघडला आणि शिरस्त्राण घातलेला एक उंच तरुण, खांद्यावर पाण्याची जाड नळी घेऊन, थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आग कुठे आहे?"

तिच्या एका हातात ढोबळ्या मिरच्या ओवलेली सळई होती, दुसऱ्या हातात विणलेला पंखा. तिने पंख्यानेच शेगडी दाखवली.

"ही काय... पण अजून नीट फुललेली नाही."

त्याच्यामागून धापा टाकीत आलेले त्याचे सोबती ते पाहून खो-खो हसत सुटले. समोरच्या इमारतीत नव्यानेच राहायला आलेल्या कुणा बाईंनी गच्चीवरचा धूर पाहून अग्निशमन दलाला कळवले होते. खाली रस्त्यावर बंब उभा होता आणि त्याच्याभोवती बघ्यांची गर्दी जमली होती. शेगडीपाशी स्टुलावर बसलेले तिचे बाबा मात्र यत्किंचितही विचलित झाले नाहीत.

"आलात ते उत्तम झालं," ते म्हणाले. "आज मांस जरा जास्तच मुरवलंय. बसा."

बाबांची उभी हयात पावाच्या भट्टीसमोर गेली होती. पत्नी निवर्तली, काही महिन्यांनी कामातूनही निवृत्ती आली, आणि त्या दिवसापासून हा बोलका, गडगडाटी हसणारा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत मूक होऊन बसला. केवळ रविवारी तो जागा होई. आदल्या संध्याकाळीच दही, लसूण आणि मिरी लावून मांस मुरत ठेवायचे, सकाळी कोळसे निवडायचे, आणि दुपारी गच्चीवर विस्तव फुलवायचा. मांस आणि भाज्या एका सळईत त्यांनी कधी ओवू दिल्या नाहीत. "मांसाला वेळ लागतो, मिरचीला दम नसतो," ते म्हणत. "एकत्र ओवलं की एक कच्चं राहतं आणि दुसरं जळून जातं." तिची आई असतानाचा हा परिपाठ होता. आई गेल्यावर लेकीने तो व्रतासारखा सांभाळला, कारण त्या निखाऱ्यांसमोर तिला आपले बाबा परत भेटत असत.

जवानांनी संकोच बाजूला ठेवून कबाब घेतले, बोटे चाटली, बाबांच्या हाताची तारीफ केली. तो उंच तरुण तेवढा दूर कठड्यापाशी उभा राहिला. वारा फिरला की तोही जागा बदलत होता. धूर आपल्याकडे येऊ नये म्हणून हा सरकतो आहे, हे तिच्या लक्षात आले. ज्याचा जन्म धुरात जायचा, त्याला एवढ्याशा धुराचे वावडे असावे याचे तिला हसूही आले.

"एक तरी घ्या ना."

"ड्यूटीवर आहे."

"आणि हे बाकीचे?"

"त्यांना भूक लागलीये."

"तुम्हाला नाही?"

त्याने तिच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत औद्धत्य नव्हते. होती एक विलक्षण थकलेली सौम्यता. "शेगडीजवळ वाळूची बादली ठेवत जा," तो हळूच म्हणाला. "चरबी पेटली तर पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. वाळूच टाकायची." आणि तो जिना उतरून गेला.

"माझ्या विस्तवाला पाठ दाखवून गेला बंबवाला!" बाबा पुटपुटले. त्यांच्या हातचे कुणी आजवर नाकारले नव्हते.

ती एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचे काम करी. काही दिवसांनी, दुपारच्या निवांत वेळी, दाराची घंटी किणकिणली आणि तोच आत आला. गणवेश नव्हता. केस ओले करून बसवलेले होते.

"डोळे तपासायचेत... म्हणजे, वाटतं तसं."

अंधाऱ्या खोलीत तिने त्याला बसवले, नाकावर चौकट ठेवली आणि एकामागून एक भिंगे बदलू लागली.

"हे स्पष्ट दिसतं, की हे?"

"पहिलं."

"आता?"

"आता... जवळचं जास्त छान दिसतंय."

"मी भिंतीवरच्या अक्षरांविषयी विचारतेय."

"मीही त्यांच्याविषयीच... बहुतेक."

इतक्या जवळून तिला दिसले की त्याच्या एका डोळ्याच्या पापण्या दुसऱ्या डोळ्याच्या पापण्यांहून आखूड आहेत. ज्वाळेने चाटून नेलेल्या आणि पुन्हा उगवू लागलेल्या त्या कोवळ्या पापण्या पाहून ती हातातले भिंग बसवायचे विसरली.

"तुमचे डोळे अगदी ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "चष्मा लागणार नाही."

"म्हणजे पुन्हा यावं लागणार नाही?"

"नाही."

"हे वाईट झालं."

ती चौकट पुसत राहिली — गरजेपेक्षा जरा अधिक वेळ. "काचा पुसायचं मऊ फडकं मिळतं इथे," शेवटी ती म्हणाली.

"चष्मा नसताना?"

"काहींना लागतं."

त्याला ती फडकी बरीच लागली. कधी कामावर जाताना, कधी सुटल्यावर तो दुकानात डोकावू लागला, आणि पुढे दुकान बंद झाल्यावर दोघे कालव्याच्या काठाने घरापर्यंत चालत जाऊ लागले. तो अल्पभाषी होता. पण तिचे बोलणे असे ऐके, की जणू कुणी दाराआडून मदतीसाठी हाक मारीत असावे आणि तिचा एक शब्दही निसटता कामा नये. 'तुम्ही'चे 'तू' कोणत्या वळणावर झाले, हे दोघांनाही उमगले नाही.

एका संध्याकाळी दुकानाचे शटर ओढता ओढता तो अर्ध्यावर थांबला.

"मला तुझ्यासोबत राहायचंय. कायमचं... आणि तुला?"

उत्तर तिच्या ओठांवर होते. पण खिडकीजवळची खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"आधी बाबांशी बोल. रविवारी ये, गच्चीवर."

"शनिवारी आलो तर?"

"शनिवारी ते नुसते असतात रे. रविवारी ते बाबा असतात."

त्याने मान खाली घातली. "मी मांस खात नाही."

"एवढंच ना? भाज्यांच्या सळ्या निराळ्या भाजीन. शेगडीचं एक टोक तुझं."

त्याला आणखी काही सांगायचे होते. ओठ विलगले, मिटले... आणि शटर खाली आले.

तिचे बोलणे बाबांनी ऐकून घेतले. "येऊ दे," ते म्हणाले. "पण पोरी, एकदा त्याने पाठ दाखवली आहे. पुन्हा दाखवली, तर माझ्याकडे होकार मागू नकोस." त्यांच्या स्वरात क्रोध नव्हता, म्हणूनच ती भ्याली. बाबांना दुखवून त्या घराचा उंबरा ओलांडणे तिला जमले नसते, आणि त्या माणसाला नाही म्हणणे तर त्याहून कठीण होते.

रविवारी तो आला. हातात फुले नव्हती, पिशवीभर ताजी वांगी आणि टोमॅटो होते. बाबांनी एक वांगे दाबून पाहिले आणि कौतुकाने हुंकार दिला. तिच्या जिवात जीव आला. तिने कांदा, वांगी, मिरच्या ओवल्या. बाबांनी त्या सळ्या कडेच्या मंद आचेवर ठेवल्या आणि मधल्या धगीवर मांसाच्या सळ्या ओळीने मांडल्या. तो यावेळी दूर सरकला नाही. शेगडीच्या अगदी समोर, गुडघ्यांवर मुठी आवळून बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. तिला वाटले, उन्हामुळे असेल.

चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला. चर्र झाले. दुसरा पडला, आणि एक पिवळी ज्वाळा सळ्यांमधून सर्रकन वर आली. बाबांनी सवयीने पंखा उचलला...

त्याआधीच तो उठला होता. वाळूची बादली उचलून त्याने एका हिसड्यात अख्खी शेगडीवर पालथी केली. विस्तव, कबाब, वांगी, मिरच्या... सगळे पिवळ्या वाळूखाली गेले.

वाळूतून धुराची एक बारीक रेघ वर आली आणि विरून गेली. रिकामी बादली हातात घेऊन तो उभा होता. आपण काय करून बसलो, ते त्याला आता दिसत होते.

"काका..." तो म्हणाला. "मी जातो."

"बस," बाबा म्हणाले.

"मी मुद्दाम नाही..."

"ते दिसलं मला. बस, आणि सांग."

तो बसला. बादली त्याने पायांशी ठेवली.

"एका घराला आग लागली होती. आत एक आजोबा होते. मी पोचलो त्यांच्यापर्यंत, पाठीवर घेऊन बाहेरही आणलं... पण उशीर झाला होता. तो वास तेव्हापासून... मांस भाजलं जात असलं की मी तिथेच असतो, काका. हात माझे राहत नाहीत."

"घरचं कुणी होतं त्यांचं?"

"मुलगी. रस्त्यावर उभी होती." त्याने डोळे मिटले. "तिनं मला प्यायला पाणी दिलं. मी तिच्या वडिलांना असं आणलं होतं... आणि तिनं मला पाणी दिलं."

तिचा हात आपोआप त्याच्या मुठीवर गेला. त्या दिवशी शटरपाशी तो गप्प झाला होता, आणि आपण त्याच्या मौनाला केवढ्याशा अर्थात बसवून टाकले होते!

बाबा वाळूकडे पाहत होते. "हिच्या आईला अग्नी देऊन आलो," ते सावकाश म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवायला गेलो. काडी ओढवेना. आयुष्य त्या भट्टीसमोर गेलेलं! विस्तवाचा काही दोष नाही, हे मनाला कळत होतं. हाताला कळत नव्हतं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, बाबा."

"काय बोलणार? भट्टीवाला विस्तवाला भितो, हे?" ते किंचित हसले. "किती दिवस मी नुसतं पीठ मळलं आणि भट्टी दुसऱ्यांनी पेटवली. मग एकदा पेटवली मी. एकदम नाही जमलं." आणि वाळूतून एक सळई उपसून त्यांनी दुःखाने निरखली. "पण काय मुरलं होतं रे मांस..."

"माफ करा, काका."

"माफी त्याच्याकडे माग. त्याचा जन्म वाया गेला."

तो अनपेक्षितपणे हसला, आणि हसता हसता त्याच्या त्या आखूड पापण्या ओल्या झाल्या.

बाबा उठले. शेगडी झटकून त्यांनी कोरे कोळसे रचले, खाली लाकडाच्या चिपाट्या सारल्या आणि काडेपेटी त्याच्यापुढे धरली. "विझवायला तुला शिकवलंय लोकांनी. हे घे. आज नुसत्या भाज्या भाजू. माझं मांस मी तुझी ड्यूटी असेल त्या दिवशी भाजीन, जरा रविवार इकडचा तिकडे झाला तर मी काही मरत नाही."

त्याने काडी ओढली. ओंजळीच्या आडोशाने ज्योत चिपाटीपाशी नेली. चिपाटीने ती स्वीकारली.

"वरून नको फुंकू. खालून. हळू... तान्ह्याच्या डोळ्यात गेलेला कण काढतात ना, तसं."

तो वाकला आणि श्वास रोखून, मग सोडून, हळुवार फुंकू लागला. कोळशाच्या कडेला लाली आली, सरकत आत गेली. पिशवीत उरलेली वांगी तिने चिरली, टोमॅटो आणि मिरच्या वेगवेगळ्या सळ्यांत ओवल्या. पहिली सळई तयार झाली, तशी बाबांनी ती आपल्या हाताने त्याला दिली. त्याने घाईने घास घेतला. आतली वाफ जिभेला चटका देऊन गेली आणि त्याला बोलताच येईना.

"हो," ती म्हणाली.

त्याने भरल्या तोंडाने तिच्याकडे पाहिले. मग बाबांकडे पाहिले आणि कसाबसा घास गिळला. "काकांना अजून विचारलंच नाही मी..."

"मला काय विचारायचंय?" बाबा गुरगुरले. "ती बोलली ना?"

"पुन्हा म्हण," तो तिला म्हणाला.

"हो. शटर अर्ध्यावर होतं तेव्हाच म्हणायचं होतं... राहून गेलं."

तिने त्याच्या हनुवटीला लागलेली राख पदराच्या टोकाने पुसली आणि हात तिथेच राहू दिला. बाबांनी तोंड फिरवले आणि ते निखाऱ्यांकडे टक लावून पाहू लागले. निखाऱ्यांत पाहण्यासारखे त्यांना त्या घटकेला पुष्कळ काही सापडले असावे, कारण बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.