फिन राहिली वाटतं

सकाळी साडेसहाला एक बोर्ड तलावाच्या मधोमध, सरळ रेषेत, पलीकडच्या काठाकडे गेला.

त्यावर एकच माणूस उभा होता.

आणि बोर्डाला खाली फिन नव्हती.

घटना एवढीच. ती खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली त्याने सांगितली, काठावरून ज्याने पाहिली त्याने स्वतंत्रपणे सांगितली, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही. पुढचं बोर्डावरच्या माणसाच्या लेकीकडून कळलं. तीही उगाच काही रचून सांगणाऱ्यातली नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. उभ्याने वल्हवायचा बोर्ड म्हणजे हवा भरलेली लांबट, जाड फळी. तिच्या पोटाला मागच्या बाजूला तळहाताएवढं एक पातं बसवतात, माशाच्या परासारखं. तीच फिन. ती असली की बोर्ड सरळ जातो. नसली की उजवीकडून एक वल्हं मारा, तोंड डावीकडे वळतं. आणखी एक मारा, बोर्ड जागच्या जागी गोल फिरतो. कितीही पट्टीचा वल्हवणारा असो, फिन नसेल तर त्याची फजिती ठरलेली.

बोर्डावरचा माणूस चष्मेवाला. चौकात त्याचं चष्म्यांचं छोटं दुकान आहे. मुंगीएवढे स्क्रू चिमट्याने उचलून बसवण्यात आयुष्य गेलेला माणूस. तलावावरची सकाळची मंडळीही त्याला चष्मेवालाच म्हणायची. ते नाव त्याच्या बायकोने पाडलं होतं.

ती नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणायचे. कधीकधी नवरासुद्धा.

बोर्डाचा नाद तिचाच. नाईट ड्युटी संपवून ती थेट तलावावर यायची. तो घरून दोन्ही बोर्ड गाडीत टाकून आणायचा. मग पंप. पंप ही त्या मंडळींची रोजची कटकट. बोर्ड पाहता पाहता फुगतो, पण हवेच्या दाबाचा काटा काही हलत नाही, आणि खरा घाम तिथून पुढे गाळायचा असतो. तेवढ्यात फिरायला आलेलं कुणीतरी थांबून विचारणारच, "यावरून पडत नाही का हो?" गळ टाकून बसलेले लोक हातवारे करून लांब जायला सांगणार. जाताना वारा पाठीशी, म्हणून माणूस खुशीत लांब जाणार, आणि परतीला तोच वारा तोंडावर. शेवटी बोर्डाची घडी. आणताना ज्या पिशवीतून तो निघाला, त्याच पिशवीत तो पुन्हा कधीच मावायचा नाही.

सिस्टरची कटकट वेगळी होती. ती फिन विसरायची.

घरून निघताना सगळं सामान दाराशी जमवण्याचं काम तिचं, ती ड्युटीला जायच्या आधीचं. पिशवी, पंप, वल्ही, पडलं तर बोर्ड लांब जाऊ नये म्हणून पायाला बांधायची दोरी, सगळं जागेवर. फक्त तिची फिन दारामागच्या चपलांच्या स्टँडवर राहायची. तलावावर आल्यावर पिशवी उलटीपालटी करून ती म्हणायची,

"अहो चष्मेवाले, फिन राहिली वाटतं."

मग ती त्याच्याच बोर्डावर पुढे मांडी घालून बसायची. वल्हं डावीकडून मारायची. नेहमी डावीकडून. पेशंट उचलून उचलून तिचा उजवा खांदा गेला होता. शिवाय वल्हं उलटं धरायची. पात्याचा कल पुढे हवा, तिचा मागे. त्यामुळे प्रत्येक वेळी पाणी उचललं जायचं आणि एक आवाज यायचा.

गुळुक.

सगळ्यांनी सांगून पाहिलं. रिटायर झालेला एक बस ड्रायव्हर मंडळींचा कॅप्टन होता, त्याने तर हातात धरून शिकवलं. ती हो हो म्हणायची आणि पुन्हा उलटं धरायची. पण ती डावीकडून आणि तो उजवीकडून, असे निघाले की बोर्ड बाणासारखा जायचा.

ज्या दिवशी ती फिन आठवणीने आणायची, त्या दिवशी वेगळी बाई असायची. आपल्या बोर्डावर उभी राहून सुसाट पुढे. तो मागून थांब थांब म्हणायचा. फिन सोबत असली की ती थांबायची नाही.

थंडी संपता संपता ती गेली. वॉर्डमध्ये, औषधांच्या ट्रॉलीला धरून उभी होती, तिथेच खाली बसली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. दुकानात फोन आला तेव्हा त्याच्या चिमट्यात एक स्क्रू होता. तो त्याने आधी चष्म्यात बसवला, मग फोन खाली ठेवला. हे त्याने स्वतःच सांगितलं. का बसवला, ते मात्र त्याला सांगता येत नाही.

त्यानंतर बरेच दिवस तो तलावाकडे फिरकला नाही. बोर्ड माळ्यावर गेले.

मग एका सकाळी, कुणालाही न सांगता, तो आपला एकट्याचा बोर्ड घेऊन आला.

विरळ धुकं होतं, त्यात कुठेतरी बदकं ओरडत होती. पाणी हलत नव्हतं. काठावर एकटा कॅप्टन पंप मारत होता. त्याने नुसता हात वर केला. 

चष्मेवाल्याने बोर्ड फुगवला, पाण्यात ढकलला, वर चढला. उजवीकडून वल्हवायला लागला. इतक्या वर्षांची सवय, बाजू बदलायचं डोक्यातही आलं नाही.

बोर्ड सरळ निघाला.

थोडं पुढे गेल्यावर त्याला जाणवलं... बोर्डाचं नाक खाली आहे.

एकटा माणूस मधोमध उभा असला की नाक किंचित वर राहतं. आज ते पाण्याला टेकलं होतं. त्याला वाटलं, हवा कमी भरली असेल.

मग बदकांचा आवाज थांबला.

त्याच्या वल्ह्याचा आवाज येत होता. चुबुक... चुबुक... आणि मधल्या शांततेत, डावीकडून...

गुळुक.

त्याने वल्हं थांबवलं.

काहीच नाही. धुकं आणि पाणी.

पुन्हा मारलं.

गुळुक.

तो मागे वळला नाही, खाली वाकला नाही, हाकही मारली नाही. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत नुसता वल्हवत राहिला. भीती वाटली का, असं त्याला नंतर विचारलं गेलं. भीती वाटली, म्हणाला. बोललो तर आवाज बंद होईल, याची.

पलीकडच्या काठाशी जाऊन तो परत आला. येतानाही सरळ. पाणी उथळ झालं तेव्हा बोर्डाचं नाक हळूच वर आलं... कुणीतरी उतरल्यासारखं.

वाळूत त्याने बोर्ड उलटा केला.

फिनची खाच रिकामी होती.

कॅप्टन जवळ आला. तोही खाचेकडे बघत राहिला. बस चालवण्यात हयात गेलेला माणूस, वळणाचं गणित त्याला कुणी शिकवायला नको. काठावरून त्याने सगळं पाहिलं होतं. बोर्ड वाटेत एकदाही भरकटला नव्हता. पडली असेल वाटेत, असं तो म्हणाला खरा, पण खाचेत वाळूचा कण नव्हता की ओरखडा नव्हता. फिन बसवलीच नव्हती. चष्मेवाल्याची फिन घरी माळ्यावरच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. फिन न घेता, आणि या वेळी मुद्दाम.

बोर्ड गोल फिरला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि मग रोज. उजवीकडून वल्हं, बोर्ड गोल. उजवीकडून वल्हं, बोर्ड गोल. गळ टाकून बसलेले लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. बाजू बदल, असं कॅप्टनने काठावरून ओरडून सांगितलं. तो ऐकायचा नाही. डावी बाजू त्याने मोकळी ठेवली होती. पायाची दोरीही बांधेनासा झाला, तेव्हा मात्र कॅप्टनने त्याच्या लेकीला फोन केला.

लेक दुसऱ्या गावात नोकरीला. ती आली ती रजा टाकूनच. तिने बापाला काही विचारलं नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली की सकाळी मीही येते, आईच्या बोर्डावर.

त्याने मान डोलावली.

"बाबा, पण फिन लावायची. दोन्हीला."

तो ताटाकडे बघत होता.

"आई गेली. आता तूही पाण्यात गोल गोल फिरत गेलास, तर मी कुणाकडे यायचं?"

लाव, म्हणाला तो.

सकाळी तलावावर लेकीने दोन्ही बोर्ड उलटे केले. आपल्या हाताने फिन बसवल्या, आधी त्याची, मग आईची. आईच्या फिनचा टोकाशी टवका उडालेला होता, त्यावरून तिने बोट फिरवलं. स्क्रू आवळले. चष्मेवाल्याने दोन्ही हलवून पाहिले. स्क्रूच्या बाबतीत तो कुणावर विसंबत नाही. घट्ट होते. लेकीने वाकून बापाच्या पायाला दोरी बांधली.

ती याआधी दोनदाच बोर्डावर उभी राहिली होती, आणि दोन्ही वेळा पडली होती. तो तिच्यावर लक्ष ठेवून मागेच राहिला.

ती पडली नाही.

डगमगलीही नाही. उजवीकडून वल्हं मारत सरळ चालली. नवशिक्याचा बोर्ड नागमोडी जातो. हिचा दोरी ताणल्यासारखा.

त्याने पाहिलं... तिच्या बोर्डाचं नाक खाली होतं.

तो जोरात वल्हवून जवळ जायला लागला. अंतर काही कमी होईना. वारा पडलेला होता, पाण्यावरून आवाज स्वच्छ येत होता. लेकीचं वल्हं... आणि लगेच...

गुळुक.

त्याने आपल्या डावीकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

काठाला आल्यावर लेक खुश होती. जमलं की मला, म्हणत होती. त्याने बोर्ड जड वाटला का विचारलं. ती म्हणाली, पुढून जरा दबलेला वाटला, मला वाटलं मी उभी नीट नाही.

त्याने तिचा बोर्ड उलटा केला.

खाच रिकामी होती. स्क्रूसकट.

त्याचा उलटा केला. त्याची फिन जागेवर होती.

तो वाळूत बसला. लेक आधी फिन शोधायला लागली, गुडघाभर पाण्यात हात घालून. मग तिच्या लक्षात आलं की बाप शोधत नाहीये. तो रडत होता. आई गेल्यापासून तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

ती शेजारी येऊन बसली.

"बाबा, एक सांगू? आई फिन विसरायची नाही. मुद्दाम ठेवून यायची. मला म्हणाली होती, ड्युटी करून उभं राहायचं त्राण नसतं, आणि तसं सांगितलं तर तुझा बाप बोर्डच आणायचा नाही. शिवाय..."

"माझ्याबरोबर बसायला मिळतं."

"तुला माहीत होतं?"

"एवढा बारीक स्क्रू दिसतो मला. ते दिसणार नाही?"

त्याने डोळे पुसले. मग तो म्हणाला,

"आज तुझ्याबरोबर बसली. बरं झालं. तुझी भेट राहिलीच होती."

ते घरी गेले. कुलूप त्याने उघडलं. किल्ली त्याच्याच खिशात होती, दुसरी लेकीकडे.

दार ढकललं आणि लेक उंबऱ्यातच थांबली.

चपलांच्या स्टँडवर फिन होती.

टोकाला टवका उडालेली. शेजारी स्क्रू. दोन्ही कोरडी.

लेक दोन दिवसांनी गेली. जाताना आईचा बोर्ड घेऊन गेली. तिच्या गावाबाहेर नदी आहे. दुकानातून नवी फिन आणली, म्हणते. जुन्या फिनला तिने हात लावला नाही. त्यानेही लावला नाही. तो स्टँडच्या आजूबाजूने केर काढायचा.

नदीवर तिचा बोर्ड नागमोडी जातो. आवाज येत नाही. ती पडते. हे तिने फोनवर सांगितलं.

तो अजून रोज तलावावर जातो. पायाला दोरी बांधून. तेवढं लेकीला दिलेलं वचन तो पाळतो. फिन मात्र लावत नाही. बोर्ड गोल फिरतो. कॅप्टन काठावर उभा राहतो, तो बाहेर येईपर्यंत हलत नाही.

परवा सकाळी निघताना त्याने एक केलं. आपली फिन पिशवीतून काढून स्टँडवर ठेवली. तिच्या फिनला लागून. दोन्ही तिथे नीट मावल्या. दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

तलावावर बोर्ड गोलच फिरला. त्या दिवशी तो लवकर परतला.

दार उघडलं.

स्टँडवर एकच फिन होती. त्याची.

तिची नव्हती. स्क्रूही नव्हता.

त्याने लेकीला फोन करून विचारलं. तिच्याकडे नाही. स्टँड सरकवून, दारामागे, माळ्यावर, गाडीत, सगळीकडे पाहून झालं.

त्या फोनवर तो लेकीला एवढंच म्हणाला, की या वेळी आठवणीने घेऊन गेली.

फिन अजून सापडलेली नाही.