उघडी राहिलेली प्रत

घोडेगावच्या फाट्यावर एसटी बंद पडली, म्हणून अनीश मला भेटला. बाजाराचा दिवस होता. रस्त्यावरून म्हशी चालल्या होत्या, वर भुरभुर पाऊस… आणि माझ्या मोबाईलवर माझीच वेबसाइट जुगाराच्या जाहिराती दाखवत होती.

शेजारी उभ्या असलेल्या त्या मुलाने न राहवून डोकावलं. “हॅक झालीय. पासवर्ड काय ठेवलाय?”

“तुम्हाला का सांगू?”

तो हसला. “बरं झालं. एवढी काळजी घेता, म्हणजे आशा आहे.”

मी एस्तेर, सोनईच्या शाळेत शिक्षिका. घरात मार खाणाऱ्या बायका त्या साइटवर मला पत्रं लिहायच्या, नाव आणि नंबर देऊन. अनीश नगरचा, कंपनीचं काम घरूनच करायचा. साइट नीट करून देतो म्हणाला, आणि त्यानंतर दर रविवारी मी चर्चमधून परतायच्या वेळी तो आमच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन हजर. त्याने पासवर्ड बदलले, फोनवर येणाऱ्या कोडचं दुसरं कुलूप लावलं, सगळी पत्रं साइटवरून काढून माझ्या वहीत उतरवायला लावली. मी लिहायची, तो वाचून दाखवायचा. मधेच वाचायचा थांबायचा… मी वर बघितलं की नजर वळवायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही.

दिवाळीनंतर कोपरगावहून मोनिकाचा फोन आला, पत्र लिहिणाऱ्यांतलीच एक. तिचं पत्र कुणीतरी नावासकट तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवर पाठवलं होतं. त्याने तिला घराबाहेर काढलं, लेकरू ठेवून घेतलं.

“ताई, तुमच्याशिवाय कुनालाच सांगितलं न्हवतं मी,” एवढंच ती म्हणाली.

अनीश त्याच दुपारी आला. तासभर शोधत राहिला, मग लॅपटॉप मिटला. साइटवरून पत्रं काढण्याआधी त्याने सगळ्यांची एक प्रत काढली होती. ती साइटवरच, कुणालाही उघडता येईल अशी राहून गेली होती.

“तू चहा घेऊन आलीस, आपण बोलत बसलो… आणि ती पुसायची राहिली. चूक माझी आहे, एस्तेर.”

त्याने सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं.

दोन दिवस आम्ही एकतीस जणींना फोन करून सावध केलं. सायबर पोलिसांत तक्रार दिली, साइट कायमची बंद केली. काही जणी रडल्या. त्यांतल्याच राहीबाईंनी माझं बोलणं मधेच तोडून फोन ठेवला. मोनिकाचं लेकरू अजून तिकडेच होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्याला स्टँडवर सोडायला गेले.

“नाताळला तुझ्या आईशी बोलणार होतो,” तो म्हणाला. “आपल्याबद्दल.”

“मी हो म्हणाले असते.”

“आणि आता?”

“आताही प्रेम आहेच… पण तू समोर बसलास की मला मोनिकाचा आवाज ऐकू येतो.”

त्याने मान हलवली. बस सुरू झाली, तेव्हा त्याने खिडकीतून हात बाहेर काढला. मी तो धरला, बसबरोबर चार पावलं चालले… आणि सोडून दिला.