पाईपावरचे दोन ठोके

बसा. चहा घ्या, दिवा तसाच राहू द्या. सांगते, पण मध्येच "भास झाला असेल" म्हणायचं नाही. आमचा धंदाच कानावर चालतो.

गडचांदूरला माझा काँक्रीटचा पंप आहे. एकच, ट्रकच्या मागे जोडून न्यायचा. मिक्सर गाडी पंपात माल ओतते, पंप तो लोखंडी पाईपातून ढकलतो, आणि दुसऱ्या टोकाला माझा धाकटा भाऊ हेमराज रबरी नळी धरून तो स्लॅबवर पसरवतो. पंप चालवतात डोमाभाऊ. वयानं माझ्या बापाएवढे आणि तोंडानं फटकळ. इंजिनापुढे हाक ऐकू येत नाही, जंगलात मोबाईल लागत नाही. म्हणून आम्ही पाईपावर दगडानं ठोके मारून बोलतो. एक ठोका म्हणजे चल. दोन म्हणजे थांब.

ही खूण मी बाबांच्या डोंग्यावरून, म्हणजे लाकडी होडीवरून, उचलली. आमचं घर मासेमारीचं; बाबा पावसाळ्यात लोकांना नदीपार न्यायचे. सगळे बसले की डोंग्याच्या काठावर एक ठोका. कुणी मागे राहिलं तर दोन. नदीकाठच्या लोकांना ही भाषा लहानपणापासून येते.

पंप घेतला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. बाईमाणसाचं हे काम नव्हे म्हणे. घरांचे लहान स्लॅब तेवढे मिळायचे. मग सिरोंच्याकडच्या जंगलातल्या एका नाल्यावरच्या पुलाचं काम आलं, आणि मी उडीच मारली. पुलाचा स्लॅब एका दमात भरावा लागतो. मध्ये थांबलं की नवा माल जुन्याला धरत नाही, आणि पाईपातला माल थिजला तर पाईपही भंगारात. हे काम फसतं तर मला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. आधीच्या ठेकेदाराचा स्लॅब इथेच अर्धा राहून फोडावा लागला होता. त्याचा ऑपरेटर काम टाकून पळाला, एवढंच कानावर होतं. म्हटलं, प्यायला असेल.

थंडीचे दिवस. सकाळी काम सुरू केलं तेव्हा नाल्यावर धुकं असं बसलं होतं की पाईप दहा हातांवर दिसेनासा व्हायचा. पंप अलीकडच्या काठावर, हेमराज पलीकडच्या टोकाला. सागाच्या कुजलेल्या पानांचा वास, त्यात डिझेलचा. एक ठोका आला. डोमाभाऊंनी पंप सोडला. माल धडधडत धुक्यात गेला आणि मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले.

थोड्याच वेळात पाईप वाजला.

ठक... ठक.

डोमाभाऊंनी पंप बंद केला. धुक्यातून हेमराज ओरडला, "भाऊ, काऊन बंद केला?"

"तूच तं ठोकलं ना बे!"

"मी कायले ठोकू? माया दोन्ही हातात नळी आहे!"

पुन्हा सुरू केला. पुन्हा दोन ठोके. तिसऱ्यांदा मीच पाईपावर हात ठेवला. ठोका नुसता ऐकू आला नाही, तो थंडगार होऊन कोपरापर्यंत चढला. डोमाभाऊंच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

"रंजीता... हे पोट्टं नाई ठोकून राह्यलं."

"मग चालवा ना भाऊ. ठोके पडू द्या."

"नाई चालवत. दोन ठोक्यावर पंप चालवला आन् तिकडं कोणी दबलं तं? आपलाच कायदा आहे बाई."

खरं होतं. मिक्सर गाडी उभी, पाईपात माल घट्ट होत चाललेला. तेवढ्यात गावातल्या कांताबाई पुढे आल्या. म्हाताऱ्या, काम बघायला सकाळपासून काठावर बसलेल्या.

"हे वच्छला होये," त्या हळूच म्हणाल्या. "मांगच्या ठेकेदाराच्या बारीलेबी तेच होती."

"कोण वच्छला?"

"माया सासऱ्याचा डोंगा होता इथी. पूर आला तवा त्यानं तिकडचे समदे लोक आणले. वच्छला तेवढी मांगं राह्यली. दगडावर दगड ठोकत होती... दोनदा, दोनदा. सासऱ्यानं आयकलं. पानी चढून राह्यलं होतं. तो नाई फिरला मांगं." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मराच्या दिवसापावतर कान झाकून झोपे तो."

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग आला. एक बाई इतकी वर्षं 'थांबा, मी राहिले' म्हणून सांगते आहे, आणि ऐकणारा प्रत्येक जण पळतो आहे! मी दगड उचलला आणि पाईपाच्या कडेनं, स्लॅबसाठी बांधलेल्या सळ्यांवरून चालत निघाले.

मधोमध आल्यावर दोन्ही काठ नाहीसे झाले. इंजिन पुसट झालं. खाली पाण्याचा आवाज... आणि तेव्हा आठवलं, नाला तर थंडीत कोरडा होता.

हेमराज टोकाला उभा होता, पांढराफटक. "ताई... माया मांगं कोणी आहे."

"पाहू नको. नळी सोडू नको."

त्याच्या मागे धुकं होतं आणि ओल्या लुगड्याचा, गाळाचा वास. पाईपाचा शेवटचा जोड आमच्या डोळ्यांदेखत हादरला. ठक... ठक.

मी दगडानं एक ठोका दिला. स्वच्छ, मोठा.

"चल वच्छलाबाई," मी म्हणाले. आवाज कसा फुटला कोण जाणे. "आली मी. आज कोणी मांगं राह्यत नाई."

आणि पाठ फिरवून चालू लागले. बाबा सांगायचे, घाबरलेल्या माणसाला पार नेताना मागे वळून पाहायचं नाही, त्याचा धीर जातो. मी नाही पाहिलं. पण माझ्या प्रत्येक पावलामागे सळ्या आणखी एकदा वाकत होत्या. पाणी ठिबकत होतं... थेंब... थेंब... अगदी माझ्या टाचांशी.

काठ आला. मी जमिनीवर उतरले. "उतर बाई, आलं गाव," म्हणाले. कांताबाईंनी समोरच्या धुक्याला हात जोडले.

मग पलीकडून हेमराजचा एक ठोका आला. डोमाभाऊंनी पंप सोडला. पाईप कण्हला, थरथरला, माल हलेना... आणि धाडकन सुटला! काय सांगू, तो आवाज मला सनईहून गोड लागला. धुकं फिटलं, ऊन आलं, गाड्यांमागून गाड्या रिकाम्या झाल्या, आणि दिवस मावळायच्या आत तो पूल या काठापासून त्या काठापर्यंत एकसंध भरून निघाला. गावानं गुलाल उधळला. डोमाभाऊ पंपालाच हार घालून नाचले. मी रडले, हसले, आणि नाकं मुरडणाऱ्या सगळ्यांना मनात एकेक करून बोलावून तो पूल दाखवला.

पुढच्या पावसाळ्यात, खाली पूर असताना, कांताबाई पुलावरून चालत बाजाराला गेल्या. आज माझ्याकडे कामांची रांग आहे, आणि तेव्हापासून माझा पाईप एकदाही तुंबला नाही.

परवा वरोऱ्याला तिसऱ्या मजल्याचा स्लॅब होता. पाईप जोडून झाला होता. हेमराज खाली माझ्याशेजारी चहा पीत होता. पाईप जोडणारी माणसं खाली उतरली होती, वर कुणीच नव्हतं.

पाईपावर एक ठोका पडला.

चल.

हेमराजच्या हातातला कप थांबला. डोमाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. वरून पाईपाच्या अंगानं गढूळ पाण्याचा एक ओघळ हळूहळू खाली येत होता.

"रंजीता," ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी ते... उतरली होती ना?"

मी मागे पाहिलंच नव्हतं.